मशीनमध्ये टाकण्यापूर्वी कपड्यांवरील डागांचे काय करावे?

प्रश्न

आमच्याकडे फ्रंट लोड वॉशिंग मशीन आहे. सुती कपडे आम्ही एकत्रच ६० अंशांच्या प्रोग्रामवर लावतो आणि डाग दिसले की पावडर थोडी वाढवतो. तरीही शर्टांवरचे तेलाचे ठिपके आणि कॉलरचा पिवळेपणा जात नाही; चादरीवरचा रक्ताचा डाग तर धुतल्यावर तपकिरी होऊन अधिकच पक्का झाला आहे. शिवाय गडद कपड्यांवर पांढरट पट्टे उमटतात. कपडे मशीनमध्ये टाकण्याआधी कोणत्या डागावर काय करावे, याविषयी जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १

आपल्या चादरीचे नुकसान ६० अंशांच्या पाण्याने केले आहे. रक्त, दूध, अंडे यांच्या डागांत प्रथिने असतात आणि ती उष्णतेने गोठून धाग्यांना घट्ट धरून बसतात. म्हणून असे डाग आधी थंड पाण्यानेच, आणि तेही कपड्याच्या उलट्या बाजूने धार सोडून काढावेत, म्हणजे डाग ज्या बाजूने आत शिरला त्याच बाजूने बाहेर ढकलला जातो. आता मुरलेल्या डागासाठी एन्झाइमयुक्त (प्रथिने तोडणारे घटक असलेले) डिटर्जंट थंड किंवा जेमतेम कोमट पाण्यात मिसळून चादर रात्रभर भिजत घालावी. चादर पांढरी सुती असेल तर ३ टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड डागावर थेंबाथेंबाने टाकता येते. रक्तातील एन्झाइममुळे ते लगेच फेसाळते. फेस ओल्या फडक्याने टिपून पुन्हा टाकावे.

तेलाची गोष्ट नेमकी उलटी आहे. तेथे कपडा आधी ओला करणे हीच गफलत ठरते, कारण पाण्याने भरलेल्या धाग्यांत साबण तेलापर्यंत नीट पोहोचत नाही. कोरड्या कपड्यावरच भांडी घासण्याच्या लिक्विड साबणाचे एक-दोन थेंब बोटाने हलकेच चोळावेत, दहा-पंधरा मिनिटे थांबावे आणि मग लेबलावर चालत असेल तितक्या गरम पाण्याने खळबळावे. एकाच घराच्या धुण्यातले दोन डाग एकाच तापमानाला धुता येत नाहीत, हे एकदा ध्यानात आले की अर्धे काम झाले.

उत्तर २

वरील उत्तराशी मी सहमत आहे. मात्र ‘डाग दिसला की वडीचा साबण चोळा’ हा जो सल्ला सर्रास दिला जातो, तो चहा-कॉफीच्या डागांना लागू करू नये. त्यांत टॅनिन हा तुरट पदार्थ असतो आणि वडीच्या साबणाने तो अधिक घट्ट बसू शकतो. असा डाग आधी कोरड्या फडक्याने टिपून घ्यावा, साध्या पाण्याने विसळावा आणि नंतर त्यावर पातळ केलेले पांढरे व्हिनेगर किंवा लिक्विड डिटर्जंट लावावे. चोळण्याची घाई करू नये, कारण चोळल्याने डाग पसरतो आणि कापडाची लवही उठते.

कॉलरवरचा पिवळेपणा बहुतेक वेळा त्वचेचा स्निग्धांश आणि घाम यांचा असतो. तेथे क्लोरीन ब्लीच वापरू नये, त्याने पिवळेपणा वाढू शकतो. लिक्विड डिटर्जंट लावून मऊ ब्रशने घासणे आणि सोडियम परकार्बोनेट असलेल्या ऑक्सिजन ब्लीचच्या कोमट पाण्यात भिजवणे हा उपाय अधिक खात्रीचा आहे. आणखी एक गोष्ट अत्यंत गांभीर्याने सांगतो: क्लोरीन ब्लीच आणि व्हिनेगर कधीही एकत्र येऊ देऊ नयेत, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो.

उत्तर ३

पांढऱ्या पट्ट्यांचे कारण बहुधा आपण वाढवलेली पावडरच असावी. जास्त पावडरीने फेस वाढतो, फेसाच्या गादीमुळे कपडे एकमेकांवर घासले जात नाहीत आणि न विरघळलेली पावडर घड्यांत अडकून राहते. पावडर मापातच घालावी आणि ड्रम ठासून भरू नये; कपड्यांच्या वर पंजा उभा शिरेल इतकी जागा असावी. खिसे रिकामे करावेत (एक विसरलेला टिश्यू पेपर सगळ्या धुण्याची दशा करतो), चेन लावून घ्याव्यात, बटणे मात्र उघडी ठेवावीत, नाहीतर काजांवर ताण येतो. जीन्स व गडद कपडे उलटे करून टाकावेत.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. रेशमी आणि लोकरीच्या कपड्यांनाही एन्झाइमचे डिटर्जंट चालेल का?

उत्तर १

नाही. रेशीम आणि लोकर हे स्वतःच प्रथिनांचे धागे आहेत, त्यामुळे प्रथिने तोडणारे एन्झाइम डागाबरोबर कापडही खाऊ लागतात. त्यांच्यासाठी स्वतंत्र सौम्य डिटर्जंट घ्यावे, फार वेळ भिजत ठेवू नये आणि लेबलावरील त्रिकोणावर फुली असेल तर कोणतेही ब्लीच वापरू नये. रंगीत कपड्यावर कोणताही उपाय करण्याआधी आतल्या शिवणीवर थेंब टाकून पांढऱ्या फडक्याने दाबून पाहावे. फडक्यावर रंग उतरला तर तो उपाय सोडून द्यावा. तसेच धुऊन काढलेला कपडा लगेच ड्रायरमध्ये टाकू नये किंवा इस्त्री करू नये. तेलाचा ठिपका ओल्या कापडावर दिसत नाही, म्हणून कपडा सावलीत वाळवून उजेडात तपासावा आणि ठिपका उरला असल्यास साबण पुन्हा लावावा.