हॅच जोरात, मासे वर येतायत, पण माझ्या फ्लायला तोंड लावत नाहीत

ओलेपाय:
मंडळी, ट्राउटसाठी फ्लाय (किड्यासारखा दिसणारा, पिसं-दोरा बांधलेला गळ) निवडताना नक्की कशावर जायचं? माझ्याकडे हॅच (पाण्यातले किडे पंख फुटून एकदम बाहेर निघणं) चार्ट आहे, कुठल्या महिन्यात कुठला किडा ते सगळं दिलंय, त्याप्रमाणे डबा भरलाय. परवा संध्याकाळी फिकट पिवळ्या मेफ्लाय (पाण्यात वाढणारे नाजूक पंखवाले किडे) ढिगाने उडत होत्या, मासे सारखे वर येत होते, मी त्याच रंगाची १४ नंबरची ड्राय फ्लाय (पाण्यावर तरंगणारी) टाकतोय टाकतोय, एकही मासा ढुंकून बघेना. रंग चुकला, साइज चुकली की चार्टच बोगस?

निम्फवाला:
आधी सांगा मासा वर येताना काय दिसत होतं? तोंड पाण्याबाहेर येऊन मागे बुडबुडा राहत असेल तर तो वरचा पंखवाला किडा खातोय. नुसती पाठ आणि शेपटी दिसत असेल आणि बुडबुडा नसेल तर तो इमर्जर खातोय, म्हणजे निम्फ (किड्याचं पाण्यात वाढणारं पिल्लू) तळातून वर आलीय पण पाण्याच्या वरच्या पापुद्र्यात अडकून अजून कात टाकतेय. तिला उडता येत नाही मग मासा कशाला उडणाऱ्याच्या मागे लागेल? आपल्याला दिसतात हवेतल्या, तो खातो दोन बोटं खालच्या.

काठकाठचा:
चार्ट बोगस नाही हो, पण महिना हा नुसता अंदाज असतो. पाण्यात थर्मामीटर घाला. हेंड्रिक्सन ही मेफ्लाय पाणी १० अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं की सुरू होते, थंडी लांबली की तीही लांबते. ब्लू विंग्ड ऑलिव्ह ही दुसरी मेफ्लाय तर ढगाळ, भुरभुर पावसाच्या दिवशी, दमट हवेत तिचे पंख लवकर वाळत नाहीत म्हणून ती पाण्यावर जास्त वेळ बसून राहते आणि माशांची चंगळ होते. स्टोनफ्लायचं सगळंच उलटं, तिची निम्फ सरपटत काठावर येऊन दगडावर कात टाकते, त्या वाळक्या काती दगडांना चिकटलेल्या दिसल्या की मधली धार सोडा आणि काठालगत टाका. उन्हाळा सरत आला की हॅच विरळ होतात, मग नाकतोडे, मुंग्या, भुंगेरे, गवत पाण्यावर झुकलेलं असेल तिथे. यावर चार्टमध्ये एक ओळसुद्धा नसते बऱ्याचदा.

ओलेपाय:
नुसती पाठच दिसत होती! बुडबुडा नव्हता. मग इमर्जर विकत घ्यायला लागणार का, आणि रंग किती जुळवायचा?

निम्फवाला:
लगेच काही घेऊ नका, आहे त्याच ड्राय फ्लायचं खालच्या बाजूचं हॅकल (गळाभोवती गुंडाळलेली पिसं) कात्रीने सपाट छाटा, ती पाण्यात खोल बसेल. नाहीतर तिच्या गळाच्या वळणाला वीतभर टिपेट (दोरीच्या टोकाचा बारीक धागा) बांधून मागे छोटी फेझंट टेल निम्फ (निम्फसारखी दिसणारी, बुडणारी फ्लाय) लावा. रंग माझ्या मते सगळ्यात शेवटी, आधी साइज मग आकार.

शांतधार:
रंगाबद्दल पूर्ण सहमत नाही, संथ स्वच्छ पाण्यात मासा निवांत निरखून बघतो. पण साइज पहिली हे खरंच. बारीक जाळीने पाण्यातला एक किडा धरा आणि फ्लायच्या शेजारी तळहातावर ठेवा, किडा हवेत दिसतो त्यापेक्षा बराच लहान निघतो, १४ च्या जागी १६ किंवा १८ लागेल (नंबर मोठा तेवढा गळ बारीक, नवीन लोक इथे हमखास गोंधळतात). शिवाय ड्रॅग बघा. फ्लाय धारेपेक्षा जराशी जरी वेगळ्या वेगाने सरकली तर फ्लाय कितीही बरोबर असली तरी उपयोग नाही. टिपेट लांब ठेवा, ६एक्स (बारीक जाडीचा) वापरून बघा.

आणि अंधार पडायला लागल्यावर मासे एकदम हळू, न उसळता चोखल्यासारखे खायला लागले तर इमर्जर पण काढून ठेवा. अंडी घालून झालेल्या मेफ्लाय (त्यांना स्पिनर म्हणतात) तेव्हा पंख पसरून पाण्यावर पडतात, उभ्या पंखांची फ्लाय तिथे चालत नाही. रस्टी स्पिनर ही फ्लाय १६ नंबर लावा, आणि ती दिसणार नाही हे धरूनच चला, अंदाजे जागेवर मासा उठला की हळूच काठी उचलायची.