हक्कसोडपत्रावर 'मोबदला निरंक' लिहिताना बहिणीला कोणी विचारतं का?

रानवाट

काल 'कोरडवाहू' यांनी लिहिलं होतं, "चांगली बहीण तेराव्यालाच हक्कसोड देऊन मोकळी होते. कायद्याने बहिणींना हावरट केलं. माहेर हवं असेल तर सातबारा मागू नका." रात्रभर ते डोक्यातून गेलं नाही, म्हणून वेगळा धागा काढून लिहिते आहे.

माझे वडील गेले तेव्हा मी 31 वर्षांची होते. तेरावं झालं, पाहुणे पांगले आणि सतराव्या दिवशी सकाळी चुलतभाऊ गाडी घेऊन दारात. "तालुक्याला जाऊन येऊ, वारसाच्या कागदावर सह्या करायच्यात." दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात ही गर्दी. कॅमेऱ्याकडे बघा म्हणाले, बघितलं. अंगठा टेकवा म्हणाले, टेकवला. धाकटीचा उमटेना, धुण्याभांड्यांनी बोटं झिजलेली, तर तिथल्या मुलाने ओल्या रुमालाने अंगठा पुसून पुन्हा टेकवायला लावला. मग त्याने विचारलं, "मोबदला?" आम्ही तोंड उघडायच्या आत चुलतभाऊ म्हणाला, "निरंक." निरंक म्हणजे शून्य, हा अर्थ मला येत होता. तो आमच्याबद्दल होता, हे घरी आल्यावर कळलं.

वारसाचा कागद आणि हक्कसोडपत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वारस नोंदीला मृत्यूचा दाखला आणि वारसांची नावं लागतात, कोणाला हक्क सोडावा लागत नाही. हक्कसोडपत्राने मालकी जाते. आणि कायद्याने हावरट कधी केलं? वडिलांच्या स्वकष्टाच्या मिळकतीत मुलगी 1956 पासून मुलाच्या बरोबरीची वारस आहे. वडिलोपार्जित मिळकतीत महाराष्ट्राने 1994 साली तेव्हा अविवाहित असलेल्या मुलींना हक्क दिला, 9 सप्टेंबर 2005 पासून तो देशभर सगळ्या मुलींना आला. त्या तारखेला वडील हयात असायला हवेत का, हा घोळही सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 ला विनीता शर्मा खटल्यात मिटवला. जन्माने हक्क आहे, वडील तेव्हा हयात असोत वा नसोत.

सही मागूच नका असं मी म्हणत नाही. दुखवट्यात मागू नका. कागद चार दिवस घरी वाचायला द्या, आणि सोडायच्या जमिनीची आजची किंमत तोंडाने सांगा. एवढं करून बहीण हो म्हणाली तर ते दिलं म्हणायचं. नाहीतर ते काढून घेतलेलं असतं.

कोरडवाहू

माझं नाव घेऊन लिहिलंत, आता उत्तर ऐका. आमची चार एकर जिरायत. वडील सहा वर्षं पक्षाघाताने अंथरुणाला खिळून होते. कूस बदलायला रात्री दोनदा कोण उठत होतं? विकास सोसायटीचं कर्ज माझ्या डोक्यावर, विहिरीचा हप्ता माझ्या डोक्यावर, तिघी बहिणींच्या लग्नाचं देणं आत्ता कुठे फिटलं. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन गेल्या वर्षी मीच केलं. बहिणी आल्या, दोन दिवस राहिल्या, रडल्या, गेल्या. त्यांचा दोष नाही, त्यांना त्यांचे संसार आहेत. पण मग चौघांत एकेक एकर वाटून मी काय पिकवू? आणि त्यांचा एकर कोण कसणार? मेहुणे विकणार. वर तुकडेबंदी आहेच, असले तुकडे कायद्यालाही चालत नाहीत.

आणि निरंकचं म्हणाल तर ऐका. थोरलीला मी 2 लाख रोख दिले, बैल विकून. कागदावर निरंक लिहिलं, कारण लिहिणारा म्हणाला मुद्रांक वाचतो. आता मेहुणे चारचौघांत सांगत फिरतात की बहिणीला फुटकी कवडी दिली नाही. सांगा, कोण कोणाला लुटतंय?

जुना फेरफार

महसूल खात्यात 34 वर्षं काढली, म्हणून दोन-तीन गोष्टी.

रक्ताच्या नात्यात वडिलोपार्जित मिळकतीचं, मोबदला न घेता केलेलं हक्कसोडपत्र नाममात्र मुद्रांकावर होतं. मोबदला दाखवला की बाजारमूल्यावर खरेदीखतासारखा मुद्रांक बसतो. म्हणून सगळे निरंक लिहितात आणि पैसे पिशवीतून देतात. उद्या वाद झाला की नोंदलेल्या कागदात आहे तेच आधी खरं धरलं जातं. कोरडवाहू, तुमचे 2 लाख कागदाच्या हिशेबी दिलेच गेले नाहीत. मुद्रांक वाचवायला तुम्ही स्वतःचा पुरावा पुसलात.

तुकडेबंदीचं म्हणाल तर बहुतेक जिल्ह्यांत 2023 पासून जिरायतीला 20 गुंठे आणि बागायतीला 10 गुंठे प्रमाणभूत क्षेत्र आहे, म्हणजे त्याहून लहान तुकडा पाडता येत नाही. एकराचे 40 गुंठे होतात. त्या कायद्याच्या आड लपता येणार नाही.

बहीण परक्याला विकेल या भीतीवरही उपाय आहे. हिंदू वारसा कायद्याचं कलम 22. एका वारसाला आपला हिस्सा विकायचा असेल तर बाकीच्या वर्ग 1 वारसांना, म्हणजे आई, मुलगा, मुली अशा जवळच्या वारसांना, तो आधी घेण्याचा हक्क असतो. शेतजमिनीलाही ते लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2019 साली सांगितलं.

कोरडवाहू

काका, घ्यायचा हक्क आहे हो. पैसे कुठून आणू?

गोधडी

मी हक्कसोड दिलेली आहे आणि मला कोणी बिचारी म्हटलेलं आवडत नाही. रानवाट ताई, तुमच्या बाबतीत वाईट झालं, पण त्यावरून सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका. माझ्या भावाने पंधरा दिवस आधी कागद हातात दिला. म्हणाला, तुझ्याकडच्या वकिलाला दाखव. मी दाखवला आणि सही केली, कारण आमच्या सात एकरांत विहीर एक आणि बांधाला वाट एक. वाटे केले असते तर भांडणच वाटून घेतलं असतं.

दुसरी बाजूही बघा. माझ्या मावशीने भावाविरुद्ध वाटपाचा दावा लावला. चौदा वर्षं तारखा चालल्या. आधी मामा गेला, मागोमाग मावशी. वारस लावून दावा अजून चालू आहे. मामाच्या तिरडीला मावशी गेली नाही, आणि शेवटची दोन वर्षं रोज तेच बोलत राहिली. हक्क, हक्क म्हणताना हेही लिहा.

रानवाट

पंधरा दिवस आधी कागद आणि वकिलाला दाखव. मी दुसरं काय मागितलं, गोधडी ताई? तुम्ही माझंच बोलताय.

गोधडी

नाही बोलत. तुमच्या लिहिण्यात भाऊ म्हणजे चोर असा सूर आहे. तो मला मान्य नाही.

दूरदेशी

आम्हा बाहेरच्यांचं कोणी लिहीत नाही. मी परदेशी नागरिकत्व घेतलं, तेव्हापासून घरचे म्हणतात तुझा हक्कच संपला. साफ खोटं. परदेशी नागरिक झालेल्या, ओसीआय कार्ड असलेल्या माणसाला शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसाने मात्र मिळते. "तुला येणं जमणार नाही, मुखत्यारपत्र पाठव" असा फोन दर दोन महिन्यांनी येतो. वकिलातीतून साक्षांकित करून पाठवलं, तर भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरावा लागतो. आणि मसुद्यात बघितलं तर विकण्याचे, हक्क सोडण्याचे, पैसे स्वीकारण्याचे सगळे अधिकार. मी फक्त वारस नोंदीपुरतं करून पाठवलं. सहा महिने झाले, कोणी बोलत नाही.

माईची लेक

कोरडवाहू दादा, तुमचं पुन्हा वाचलं. "चौघांत एकेक एकर." तुम्ही आणि तीन बहिणी, बरोबर? आणि त्याच परिच्छेदात आईचं ऑपरेशन गेल्या वर्षी केलंत. म्हणजे आई हयात आहेत. मग वाटे पाच होतात. आईचा कुठे गेला?

कोरडवाहू

आई माझ्याकडेच आहे. तिला वेगळा वाटा कशाला? तिचं-माझं काही वेगळं आहे का?

माईची लेक

माझा भाऊ हेच म्हणायचा. आईने त्याच्या नावे हक्कसोड दिली, आम्ही बहिणींनीही दिली. चार वर्षांनी रस्त्यात जमीन गेली, भूसंपादनाचा मोबदला आला, सगळा त्याच्या खात्यात. आईला मोतीबिंदू झाला होता. पैसे मागितले की म्हणायचा, बघू. चष्म्याची मोडकी काडी दोऱ्याने बांधून तिने तीन वर्षं काढली. शेवटी ऑपरेशन आम्ही बहिणींनी केलं. त्यानंतर एकदाच म्हणाली, "मला वाटलं मी कागदावर नसले तरी घरात आहे." त्या दिवसापासून हक्कसोड म्हटलं की मला बहीण-भावाचं काही सुचत नाही. मला आईचं सुचतं. आपण सगळे भाऊ विरुद्ध बहीण करत बसतो आणि जिच्या नवऱ्याची जमीन होती तिला कोणी मोजतच नाही.

कोरडवाहू

तुमच्या भावाचं पाप माझ्या माथी मारू नका! माझ्या आईला काय कमी आहे ते येऊन बघा. सकाळचा पहिला चहा तिला असतो आमच्या घरात.

माईची लेक

चहा तुम्ही देता. जमीन तिची आहे. चहाच्या बदल्यात जमीन धरायची का?

कोरडवाहू

हे बोलणं बरं नाही. एवढंच सांगतो.

जुना फेरफार

दोघं जरा थांबा. भांडण जुनं आहे, हिशेब मांडतो. कोरडवाहूंची जमीन वडिलांची स्वकष्टाची असेल तर आई, मुलगा, तीन मुली, पाच समान वाटे. वडिलोपार्जित असेल तरी आजच्या कायद्याने तेच येतं. आधी काल्पनिक वाटप धरायचं, म्हणजे वडील जायच्या आधीच वाटप झालं असं समजायचं. वडील, आई, मुलगा, तीन मुली, प्रत्येकी सहावा हिस्सा. मग वडिलांचा सहावा पाच वारसांत. बेरीज करा, प्रत्येकाला पाचवा हिस्सा, चार एकरांत 32 गुंठे.

गंमत म्हणून नाही, मन लावून वाचा. वडील 1994 च्या आधी गेले असते आणि वाटपही तेव्हाच झालं असतं तर जुन्या हिशेबाने आईला पाचात दोन वाटे आले असते. हे 1978 सालापासून ठरलेलं आहे. गुरुपाद मगदूम विरुद्ध हिराबाई. विधवा आई, दोन मुलगे, तीन मुली. खालच्या कोर्टाने हिराबाईंना 24 पैकी 1 हिस्सा दिला होता, मुंबई उच्च न्यायालयाने 24 पैकी 7 दिले आणि सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. आमच्या खात्यात मात्र वर्षानुवर्षं मुलांची नावं कब्जेदार म्हणून लागायची आणि विधवेचं, मुलींचं नाव 'इतर हक्कात' जायचं. नाहीतर थोरल्याच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, लिहून विषय संपायचा. मीही तशा नोंदी धरल्या आहेत. वरून सांगितलं म्हणून धरल्या, पण अक्षर माझं होतं.

रानवाट

काका, हे लिहिलंत त्याबद्दल आभार. माझ्या घरीही हेच झालं होतं. त्या दिवशी आईचा अंगठा आमच्या आधी घेतला होता. मी वर माझं आणि धाकटीचं लिहिलं, आईचं लिहायचं मलाही सुचलं नाही. ते चुकलं.

गोधडी

आईच्या बाबतीत मी वाद घालणार नाही. आमच्या आईचं नाव भावाने ठेवलं आहे, पीकविम्याचे पैसेही तिच्या खात्यावर येतात. तरीही सांगते, बहिणीने सोडलं तर तिला मूर्ख ठरवू नका.

दूरदेशी

आई-वडिलांना मुलींनीही सांभाळायचं असतं, हेही कोणीतरी लिहा. 1987 साली विजया अरबट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने विवाहित मुलीलाही वडिलांच्या पोटगीची जबाबदारी घातली आहे. वाटा बरोबरीचा असेल तर औषधाचं बिलही बरोबरीचं.

रानवाट

मान्य. पूर्ण मान्य. फक्त ते बिल बहिणीला दाखवा, आकडा सांगा, वाट्यातून वळते करा. न सांगता सगळी जमीन त्यात वळती करून घेऊ नका.

कोरडवाहू

काल रात्री उतारा काढून बघितला. वडिलांच्या वारसाच्या फेरफारात माझं नाव भोगवटादार, म्हणजे कब्जेदार, सदरी आहे. आई आणि धाकट्या दोघी इतर हक्कात. मला हे माहीत नव्हतं असं म्हणणार नाही. लक्ष दिलं नव्हतं. आईचं नाव वर आणायला काय करावं लागतं, काका?

जुना फेरफार

आधी त्या फेरफाराची नक्कल काढा आणि मंडळ अधिकाऱ्याचा शेरा वाचा. फेरफारात आई वारस म्हणून बरोबर असेल आणि उताऱ्यावर उतरवताना चूक झाली असेल, तर तहसीलदारांकडे कलम 155 खाली दुरुस्तीचा अर्ज. फेरफारच तसा मंजूर झाला असेल तर प्रांतांकडे अपील, उशीर का झाला ते लिहून. तुमचा स्वतःचा जबाब जोडा, की माझी हरकत नाही. मुलाने तसं लिहून दिलेलं मी नोकरीत फार थोड्या वेळा बघितलं. आणि सातबाऱ्यावरच्या नोंदीने मालकी ठरत नाही. नाव इतर हक्कात असलं म्हणून आईचा हिस्सा गेलेला नाही.

कोरडवाहू

करतो अर्ज. बहिणींबद्दल जे लिहिलं त्यातलं 'हावरट' मागे घेतो, बाकीचं नाही. धाकट्या दोघींचा मसुदा तयार करून ठेवला होता, दिवाळीला सह्या घ्यायच्या म्हणून. तो आता दोघींना आधी पाठवतो. वडिलांच्या दवाखान्याच्या पावत्या पत्र्याच्या पेटीत आहेत, त्यांचे फोटोही पाठवतो. त्यांनी वाचावं आणि मग काय ते सांगावं. आईला सकाळी विचारलं, तुझा वाटा तुला पाहिजे का. ती म्हणाली, "आजवर कोणी विचारलं नव्हतं, जरा विचार करू दे."