व्हॅनच्या काकांना फोन कोण लावतं?

(नाशिकमधल्या एका सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप)

प्रशांत (ए-102): आज दुपारी इंदिरानगर बोगद्यात आपल्या पोरांची शाळेची व्हॅन माझ्या शेजारीच अडकली होती. काकांचा एक हात स्टेअरिंगवर, दुसऱ्या हातात फोन, कानाला लावलेला. तिथे कशी परिस्थिती असते माहितीये सगळ्यांना, दोन्हीकडून रिक्षा घुसतात. फोटो आहे, पण इथे टाकत नाही, पोरांचे चेहरे दिसतायत.

सुजाता (बी-303): अरे देवा. किती वाजता?

प्रशांत (ए-102): पावणेएक असतील.

स्नेहल (सी-402): बदला त्यांना. मी केव्हाची म्हणतेय.

योगेश (ए-302): प्रशांतभाऊ, फोटो काढला म्हणजे फोन तुमच्याही हातात होता की 😀

प्रशांत (ए-102): गाडी आमची ही चालवत होती. मी शेजारी बसलो होतो. विषय काय, तुझं काय.

कुलकर्णी काकू (बी-101): (फॉरवर्ड केलेला मेसेज) आनंदाची बातमी!! आता गाडी चालवताना फोनवर बोलणे गुन्हा नाही. पोलिसांनी पावती फाडली तर कोर्टात जा. जास्तीत जास्त लोकांना पाठवा.

ॲड. निकम (ए-404): काकू, हा मेसेज पुन्हा पुन्हा उगवतो. त्यात अर्धा पाव खरं आहे म्हणून लोक फसतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 मध्ये 2019 साली दुरुस्ती झाली. धोकादायक वाहन चालवणं म्हणजे काय, त्या यादीत सिग्नल तोडणं, उलट्या दिशेने येणं यांच्यासोबत 'हातात धरून वापरायचं संपर्काचं साधन' आलं. पहिल्या वेळेला 1000 ते 5000 रुपये दंड, किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. तीन वर्षांच्या आत परत सापडला तर दंड 10,000. जागेवर जे तडजोड शुल्क घेतात ते आपल्या राज्यात डिसेंबर 2021 पासून दुचाकीला 1000 आणि चारचाकीला 2000 आहे. तर गुन्हा आहेच. कायद्यात शब्द 'हातात धरून' असा आहे, त्यामुळे ब्लूटूथवाले सुटतात. या मेसेजचं मूळ तेवढंच.

कुलकर्णी काकू (बी-101): मला माझ्या भाच्याने पाठवला. तो इंजिनिअर आहे.

प्रशांत (ए-102): मग काकांना ब्लूटूथ घेऊन देऊया सगळे मिळून. हजार-दीड हजारात मिटलं.

योगेश (ए-302): आणि मॅप? मी सकाळपासून रात्रीपर्यंत टॅक्सी चालवतो, मला फोन बंद ठेवा म्हणालात तर घरी बसावं लागेल. कुंभाच्या कामांनी आज हा रस्ता बंद, उद्या तो. मॅपशिवाय गिऱ्हाईक सोडणार कुठे.

ॲड. निकम (ए-404): मॅपला परवानगी आहे. 1 ऑक्टोबर 2020 पासून केंद्रीय नियमांत तसा बदल झाला. फोनचा वापर फक्त रस्ता बघायला, आणि लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. म्हणजे स्टँडवर लावा, निघायच्या आधी पत्ता टाका. मांडीवर ठेवून वाकून बघणं त्यात बसत नाही.

योगेश (ए-302): वकीलसाहेब, कागदावर छान आहे. खरं कसं असतं ते सांगू? एक भाडं सोडायला मी मुंबई नाक्यावरून चाललोय, तेवढ्यात पुढच्या भाड्याची रिक्वेस्ट येते. ठरलेल्या सेकंदांत बटण दाबलं तर ते माझं, नाही तर दुसऱ्याचं. भाडी नाकारत गेलो की पुढे कामच कमी मिळतं. म्हणजे ज्या ॲपने मला स्टेअरिंगवर बसवलं तेच मला स्क्रीनला हात लावायला लावतं. दंड मात्र माझ्या नावावर. ॲप बनवणाऱ्याला कधी चलान गेलंय?

सुजाता (बी-303): हे मला माहीतच नव्हतं.

डॉ. मेघा (बी-501): योगेशचा मुद्दा बरोबर आहे. पण प्रशांत, ब्लूटूथची वर्गणी काढायच्या आधी एक ऐक. कॅनडात टोरांटोला एक अभ्यास झाला होता, 1997 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आला. अपघात झालेल्या 699 चालकांची फोनबिलं अपघाताच्या वेळेशी ताडून पाहिली. फोन चालू असताना धडक व्हायचा धोका साधारण चौपट निघाला. आणि हातात न धरता बोलणाऱ्यांना त्यात काही सूट मिळालेली दिसली नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने तर 2011 मध्येच शिफारस केली होती की हँड्सफ्रीसुद्धा बंद करा.

प्रशांत (ए-102): हे काय लॉजिक? दोन्ही हात स्टेअरिंगवर, डोळे समोर.

डॉ. मेघा (बी-501): डोळे समोर असतात, पण समोरचं सगळं डोक्यात शिरत नाही. बोलताना आपण मनात दुसरीच जागा बघत असतो, ऑफिसचं टेबल, घरातला ओटा, जिथलं बोलणं चाललंय तिथलं काहीतरी. तेवढ्यात पुढच्याने ब्रेक मारला तर तुमचा पाय उशिरा उठतो. 40 चा वेग घे. सेकंदाला 11 मीटर. मेसेज बघायला चार सेकंद खाली पाहिलंस तर 44 मीटर गाडी कोणी बघत नसताना गेली. आपल्या गेटपासून मेडिकलपर्यंत.

जाधव (सी-302): मग शेजारी बसून बायको बोलते ते? त्यावर बंदी आणायची असेल तर माझी सही आधी घ्या.

डॉ. मेघा (बी-501): जाधव भाऊ, त्याचाही अभ्यास झालाय. शेजारचं माणूस रस्ता बघत असतं. ट्रक आडवा आला की आपोआप गप्प होतं, किंवा तुमच्या आधी ओरडतं. फोनवरच्या माणसाला ट्रक दिसत नाही, ते बोलतच राहतं.

जाधव (सी-302): आमची ट्रक आला तरी थांबत नाही.

जाधव वहिनी (सी-302): मी पण या ग्रुपवर आहे.

योगेश (ए-302): 🙏🙏🙏

स्नेहल (सी-402): मूळ विषयावर याल का कोणी? व्हॅनमध्ये माझी मुलगी आहे. काकांना उद्या नोटीस द्या, फोन दिसला तर व्हॅन बंद.

आहेर काका (सी-101): मी मघापासून वाचतोय. टायपिंग हळू आहे, सांभाळून घ्या. एसटीत नाशिक विभागात नोकरी झाली माझी, कळवण, सटाणा, सप्तशृंगी गडाची गाडी. नांदुरीचा घाट पावसात रात्री उतरवलाय. आमच्या वेळी मोबाइल नव्हता म्हणून आम्ही साधू होतो असं मी म्हणत नाही. पण ड्रायव्हरला निरोप द्यायची पद्धत होती ती सांगतो. घरी कोणी आजारी असलं तरी निरोप ड्रायव्हरला थेट यायचा नाही. डेपोत फोन यायचा, तिथून पुढच्या स्टँडच्या कंट्रोलरला. सटाण्याला गाडी फलाटाला लागली, इंजिन बंद झालं, की कंट्रोलर खिडकीशी येऊन सांगायचा. आणि चालत्या गाडीत माझ्याशी बोलायचा हक्क फक्त घंटीला. एक वाजली थांब, दोन वाजल्या चल. बाकी पॅसेंजर, तिकीट, सुटे पैसे, भांडण सगळं कंडक्टरच्या अंगावर. केबिनच्या मागे लिहिलेलंच असायचं, चालकाशी बोलू नये. आता महामंडळाने 2023 ला परिपत्रक काढून चालवताना मोबाइल, हेडफोन बंद केले. चांगलं केलं. पण तिथे कंडक्टर आहे. तुमच्या व्हॅनमध्ये कोण आहे?

सुजाता (बी-303): मावशी असतात ना.

आहेर काका (सी-101): मावशींचा नंबर आहे का तुमच्याकडे?

सुजाता (बी-303): नाही. काकांचाच आहे.

आहेर काका (सी-101): माझं तेच म्हणणं आहे.

पवार, सेक्रेटरी (सी-201): नमस्कार. मी संध्याकाळी व्हॅनवाल्या काकांना भेटून आलो, आत्ता घरी पोचलो. सविस्तर लिहितो, मध्ये कोणी तोडू नका.

आधी त्यांनी कबूल केलं, आज फोन उचलला होता. मग म्हणाले साहेब हे बघा, आणि फोनच हातात दिला. शाळा सुटायच्या तासाभरातले कॉल बघत मी स्क्रीन सरकवतोय, सरकवतोय, संपेना. बहुतेक नावं आपल्याच सोसायटीची आणि शेजारच्या दोन सोसायट्यांची. नावं इथे लिहीत नाही, ज्याला त्याला माहीत आहेत. कुठे पोचलात. आज आजीकडे सोडा, लेखानगरला. पाण्याची बाटली शाळेत राहिली का बघा. आज मी घेऊन जातेय, थांबू नका. हा शेवटचा फोन सर्वांत महत्त्वाचा, कारण तो उचलला नाही तर व्हॅन शाळेच्या गेटवर एका मुलासाठी खोळंबते आणि बाकीची मुलं आत उकडतात.

मी विचारलं, गाडी बाजूला घेऊन का बोलत नाही? म्हणाले, उंटवाडीपासून बोगद्यापर्यंत मला बाजू दाखवा, घेतो. आणि उचललाच नाही तर? पालक शाळेत फोन लावतात, शाळा व्हॅनच्या मालकाला, मालक मला शिव्या घालतो, तोही फोनवरच. एकदा उचलला नाही म्हणून महिन्याचे पैसे कापण्याची धमकी मिळाली होती, तीही आपल्याच एका घरातून.

प्रशांत (ए-102): म्हणजे आता चूक पालकांची? वा.

पवार, सेक्रेटरी (सी-201): फोन कानाला लावला ही त्यांची चूक, ते मी तोंडावर बोललो. परत दिसलं तर व्हॅन बदलू, हेही बोललो. पण दुसरा ड्रायव्हर आणला तरी त्यालाही हेच फोन जाणार.

स्नेहल (सी-402): सॉरी पण मला हे पटत नाही. मूल वीस मिनिटं उशिरा आलं तर आईने फोन करायचा नाही? रोज पेपरात काय काय येतं. बोगद्यात जाम लागला की काही झालंय, मला घरी बसून कसं कळणार?

डॉ. मेघा (बी-501): स्नेहल, तुझी काळजी खरीच आहे. पण जाम लागलेला असताना, म्हणजे सगळ्यात अवघड जागी गाडी असतानाच सगळ्यांचे फोन एकदम जातात, हे बघ ना.

योगेश (ए-302): लाइव्ह लोकेशन. व्हॉट्सॲपवर एक तास किंवा आठ तास चालू ठेवता येतं. काकांनी शाळेच्या गेटवर गाडी उभी असतानाच चालू करायचं, व्हॅनच्या ग्रुपवर. सगळ्यांना नकाशात व्हॅन दिसेल. फोन करायची गरजच नाही.

प्रशांत (ए-102): हे चांगलंय. फुकटही आहे.

आहेर काका (सी-101): काकांच्या नाही, मावशींच्या फोनवरून चालू करा. काकांचा फोन बंद करून डॅशबोर्डच्या खणात. नाही तर लोकेशन चालू आणि वर फोन पण चालू.

सुजाता (बी-303): मावशींकडे बटणाचा फोन आहे. विचारलं मी आमच्या बाळूला.

पवार, सेक्रेटरी (सी-201): मग वर्गणी ब्लूटूथऐवजी मावशींच्या साध्या स्मार्टफोनसाठी काढू. व्हॅनला असलेली घरं वाटून घेतील, फार पडणार नाही. निकम साहेब, सहायक ठेवणं मालकाला बंधनकारक आहे ना?

ॲड. निकम (ए-404): स्कूल बससाठी राज्याचे 2011 चे नियम आहेत, त्यात सहायक धरलेला आहे. मालक उद्या 'खर्च परवडत नाही, मावशी काढतो' म्हणाला तर माझ्याकडे पाठवा.

जाधव (सी-302): आणि आपल्या पार्किंगमधून हेल्मेटमध्ये फोन खोचून, मान तिरकी करून निघणारे जे तरुण आहेत, त्यांचं काय? दोन आहेत. बी विंग.

योगेश (ए-302): हेल्मेट तरी घालतात. नाशिकमध्ये 'नो हेल्मेट, नो पेट्रोल' झालं होतं तेव्हा पंपावरच्या कोपऱ्यात एकच हेल्मेट दहा जण वापरायचे, आठवतंय ना.

पवार, सेक्रेटरी (सी-201): त्यांच्याशी मी बोलतो, इथे नको.

तर ठरलं ते असं. सोमवारपासून व्हॅन चालू असताना काकांचा फोन खणात, बंद. शाळेच्या गेटवरून मावशी लोकेशन चालू करतील. 'आज आम्ही नेतोय' किंवा 'दुसरीकडे सोडा' हे शाळा सुटायच्या अर्धा तास आधी व्हॅनच्या ग्रुपवर लिहायचं. काका गेटवर उभे असतात तेव्हा ते वाचतील आणि अंगठा देतील. अंगठा आला नाही तर मावशींना फोन. त्यानंतर आलेला बदल त्या दिवशी होणार नाही, मूल नेहमीच्या ठिकाणी उतरेल. मालकालाही सांगितलंय की चालत्या गाडीत ड्रायव्हरला फोन करू नका. तो 'हो हो' म्हणाला, त्याच्याकडे लक्ष ठेवावं लागेल.

कुलकर्णी काकू (बी-101): छान. पण डब्याचं विसरलं तर?

आहेर काका (सी-101): डबा उद्या मिळेल.

स्नेहल (सी-402): मी मान्य करते. पण एक आधीच सांगून ठेवते, लोकेशन एकाच जागी दहा मिनिटांच्या वर थांबलं तर मी फोन करणार. कोणी मला नंतर बोलायचं नाही.

पवार, सेक्रेटरी (सी-201): करा. मावशींना.

स्नेहल (सी-402): मावशींनी नाही उचलला तर?

पवार, सेक्रेटरी (सी-201): तर मला करा. माझं ऑफिस गोविंदनगरलाच आहे, गाडी काढून बोगद्यापर्यंत बघून येतो. निघायच्या आधी तुमच्याशी बोलेन, पोचल्यावर बोलेन. मध्ये उचलणार नाही.