मदत हवी आहे: पत्राचा सीन ठेवू की काढू?

नमस्कार. 24 मिनिटांच्या एका लघुपटाची पटकथा लिहितो आहे. चौथा ड्राफ्ट झाला आणि एका सीनपाशी गाडं पार अडलं आहे. इथे लिहिणारे, एडिटिंग करणारे, समुपदेशन करणारे कुणी असतील, किंवा ज्यांच्या घरात हे घडून गेलं आहे असं कुणी असेल, तर मला तुमची मदत हवी आहे. एक विनंती आधीच करतो. प्रतिसादात पद्धतींचं वर्णन नको. हा धागा कोण, कुठल्या रात्री उघडेल हे सांगता येत नाही.

गोष्ट अशी. दोन भावंडं. धाकटा 19 वर्षांचा, तो आत्महत्या करतो. चित्रपट त्याच्या ताईचा आहे, त्यानंतरच्या दिवसांचा. मृत्यू पडद्यावर दाखवायचा नाही हे पहिल्या ड्राफ्टपासून ठरलेलं. पण त्याने मागे ठेवलेलं एक पत्र आहे. ताई ते वाचते, आवाज त्याचा येतो, आणि त्या आवाजावर त्याच्या लहानपणापासूनचे तुकडे दिसत राहतात. साडेतीन मिनिटं. आजवर लिहिलेल्यातलं माझं सगळ्यात आवडतं पान तेच होतं.

गेल्या रविवारी रीडिंग झालं. धाकट्याची भूमिका करणारा मुलगा जवळपास त्याच वयाचा आहे. पत्र त्यानेच वाचलं. वाचून संपलं तेव्हा दोघीतिघींचे डोळे भरले होते. दिग्दर्शक म्हणाला, "यातला एक शब्दही हलवायचा नाही." मुलगा पानं खाली ठेवून बाहेर गेला. मी खाली उतरताना तो जिन्यात बसलेला दिसला. म्हणाला, "दादा, पत्र फार छान आहे. असं लिहून गेलं तर निदान सगळ्यांना कळतं तरी."

तेव्हापासून ते पान मला उघडवत नाही.

आठवडाभर मिळेल ते वाचून काढलं. जर्मन लेखक गटेची 1774 ची कादंबरी आणि तिच्या नायकाच्या नावाने ओळखला जाणारा वेर्थर परिणाम, म्हणजे एका आत्महत्येबद्दल वाचून किंवा बघून तशाच आणखी घडणं, हे ऐकून माहीत होतं. हे नाव समाजशास्त्रज्ञ डेव्हिड फिलिप्स यांनी 1974 मध्ये वर्तमानपत्रांतल्या बातम्यांचा अभ्यास करताना दिलं, हे आता कळलं. पण बातमी वेगळी आणि रचलेली गोष्ट वेगळी, अशी मी मनाची समजूत घालत होतो. जर्मनीतल्या एका मालिकेबद्दल वाचलं आणि ती समजूत गळून पडली. 1981 मध्ये तिथल्या दूरदर्शनवर सहा भागांची मालिका आली होती. एका विद्यार्थ्याचा मृत्यू, वेगवेगळ्या माणसांच्या नजरेतून सांगितलेला. 1982 मध्ये ती पुन्हा दाखवली. दोन्ही वेळा त्यानंतर तशाच मृत्यूंची संख्या वाढलेली आढळली, आणि सगळ्यात जास्त वाढ मालिकेतल्या मुलाच्या वयाच्या मुलग्यांमध्ये होती. म्हणजे कोण बघतो आहे, आणि पडद्यावरच्या माणसात स्वतःला किती बघतो आहे, यावर सगळं अवलंबून. माझ्या जिन्यात बसलेला मुलगा नेमका तोच होता.

2017 सालची 'थर्टीन रीझन्स व्हाय' ही मालिका बऱ्याच जणांना आठवत असेल. तिच्यातला सुमारे तीन मिनिटांचा मृत्यूचा प्रसंग नेटफ्लिक्सने जुलै 2019 मध्ये काढून टाकला. त्या प्रसंगावरच सगळे बोलले. मला मात्र आता तिची रचना जास्त खुपते. मुलगी गेली आहे, पण कॅसेटमधून बोलत राहते. ज्यांनी तिचं ऐकलं नाही ते आता ऐकतात, रडतात, पस्तावतात. खऱ्या आयुष्यात गेलेल्या माणसाला यातलं काहीच मिळत नाही. माझ्या पत्राने हेच केलं होतं. मी मृत्यू दाखवला नाही, पण मृत्यूनंतरचं बक्षीस दाखवलं. जिवंत असताना ज्याचं म्हणणं घरात कुणी पुरतं ऐकलं नाही, त्याला मी मेल्यावर साडेतीन मिनिटं सलग दिली, तीही व्हायोलिनसकट.

अडचण अशी की पत्र काढलं तर चित्रपटाच्या मधोमध भोक पडतं. ताईला भाऊ कशानेच भेटत नाही. दिग्दर्शकाला वाटतं मी घाबरलो. तर विचारायचं आहे ते हे: पत्राशिवाय हा मुलगा प्रेक्षकाला कसा कळेल? आणि "असं का केलं" याचं उत्तर न देता चित्रपट संपवला तर चालेल का, की ती लेखकाची पळवाट ठरेल?

प्रतिसाद १

मी एडिटिंग करते. पत्र काढा, पण भोक बुजवायला जाऊ नका. घरात खरंच भोक पडलेलं असतं, तेच दाखवायचं आहे. थेट कट करून पुढच्या सकाळी जा. दार बंद होतं, मग संथ गती, मग आभाळ, मग उडणारे पक्षी, हे टाळा. संथ गती आली की मृत्यू सुंदर दिसायला लागतो, आणि शब्द कितीही सावध असले तरी प्रेक्षक चित्रावर विश्वास ठेवतो.

आणखी एक, तुमच्या संवादांबद्दल. पटकथांमध्ये डॉक्टर किंवा पोलीस हमखास "प्रयत्न फसला" म्हणतात. फसला म्हणजे काय? मरण हे यश होतं का? "वाचला" म्हणायला लावा. शब्द छोटा आहे, पण दिशा बदलते.

प्रतिसाद २

माझा भाऊ गेला त्याला 11 वर्षं झाली. पत्र नव्हतं. पत्र असतं तर उत्तर मिळालं असतं असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं. आता वाटत नाही. एका कारणाने माणूस जात नाही, बऱ्याच गोष्टी एकावर एक साचत जातात आणि त्यातल्या अर्ध्या त्यालाही सांगता आल्या नसत्या. त्यामुळे "का" चं उत्तर दिलं नाहीत तर ती पळवाट नाही. आम्ही तसेच जगतो. उलट एकच कारण दिलंत, नापास झाला, प्रेमभंग झाला, कुणी बोललं, तर मात्र खोटं होईल.

तुम्हाला एक देते, हवं तर वापरा. त्याच्या फोनवर सकाळी 6:10 चा गजर लावलेला होता. फोन चार्जिंगला तसाच राहिला. रोज वाजायचा. आई जाऊन तो कायमचा बंद करायची नाही, फक्त स्नूझ दाबायची. दहा मिनिटांनी परत. ती तिथेच पलंगाच्या कडेला बसून राहायची, पुन्हा वाजेपर्यंत. हे कित्येक आठवडे चाललं. मला अजूनही तो सूर कुठे ऐकू आला की पोटात गोळा येतो.

प्रतिसाद ३

मी समुपदेशक आहे. पटकथेबद्दल नंतर बोलते. आधी मला सांगा, त्या मुलाला तुम्ही थेट विचारलंत का?

"बरा आहेस ना" असं नाही. "तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का" असं, याच शब्दांत. विचारल्याने मनात नसलेला विचार रुजेल अशी भीती अनेकांना वाटते. तसं होत नाही. उलट कुणीतरी उघड बोललं याने बहुतेकांना सुटल्यासारखं वाटतं. विचारा आणि गप्प राहून ऐका. समजूत घालायची घाई करू नका. तो हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका. घरातल्या विश्वासाच्या माणसाला त्याच्या माहितीने सोबत घ्या, जवळच्या तज्ज्ञाकडे स्वतः बरोबर जा. लगेच धोका वाटला तर तुम्ही असाल तिथली तातडीची सेवा किंवा हेल्पलाइन गाठा. सीन थांबू शकतो.

धागाकर्ता

नाही विचारलं. आत्ता फोन करतो.

प्रतिसाद ३

छान. तुम्ही परत येईपर्यंत पटकथेचं लिहून ठेवते. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये चित्रपट आणि रंगभूमीवर काम करणाऱ्यांसाठी एक मार्गदर्शक पुस्तिका काढली, ती दिग्दर्शकालाही वाचायला द्या. पद्धत दाखवू नका, हे तिच्यात आहेच. पण संकटातून बाहेर पडणारी, मदत मागणारी आणि मदत मिळालेली पात्रं दाखवा, असंही तिच्यात आहे. ही कथा बनवणाऱ्या माणसांवर काय परिणाम होईल त्याचाही विचार करा, असंही एक कलम आहे. तुमचा नट त्यातच येतो.

वेर्थरचं नाव सगळ्यांना माहीत असतं, पापागेनोचं फारसं नाही. मोत्सार्टच्या 1791 च्या 'द मॅजिक फ्लूट' या ऑपेरातला हा पक्षी पकडणारा. प्रेयसी हरवली म्हणून तो मरायला निघतो, आणि तीन मुलं येऊन त्याला आठवण करून देतात की तुझ्याकडे जादूच्या घंटा आहेत, त्या वाजव. ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी 2010 मध्ये बातम्यांचा अभ्यास केला तेव्हा, ज्यांच्या मनात विचार आला पण जे त्यातून बाहेर पडले अशांच्या बातम्यांनंतर मृत्यूंचं प्रमाण घटलेलं दिसलं. त्याला त्यांनी पापागेनोचं नाव दिलं. मला त्यातलं आवडतं ते हे की मुलं त्याला उपदेश करत नाहीत. त्याच्याजवळच असलेली, विसरलेली एक वस्तू दाखवतात. तुमच्या ताईला असा प्रसंग देता येईल. शोकात तिच्याही मनात तसलं काही येतं, हे खरंच घडतं. ती कुणाला तरी सांगते आणि तो माणूस पळून जात नाही. एवढा एक सीन लिहा.

धागाकर्ता

दोन दिवसांनी येतो आहे, माफ करा. पुढचं त्याला विचारूनच लिहितो आहे.

मी तुमच्याच शब्दांत विचारलं. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग "हो" म्हणाला. गेल्या वर्षापासून. कुणालाच सांगितलं नव्हतं. मी काही सुचवायच्या आधी तोच विचारायला लागला, "आईला सांगायचं कसं?" रात्री आम्ही दोघांनी मिळून सांगितलं. मी दारापाशी उभा होतो, बोलला तोच. काल तिघे जण डॉक्टरांकडे जाऊन आलो. पुढची वेळ गुरुवारची आहे.

पत्र काढलं. त्या जागी गजर आहे, ज्यांनी दिला त्यांचे आभार मानायला शब्द नाहीत. आई पलंगाच्या कडेला बसलेली, ताई दारात. व्हॉइसओव्हर नाही, संगीत नाही. गजर तिसऱ्यांदा वाजतो तेव्हा ताई आत येऊन आईशेजारी बसते आणि पहिल्यांदा म्हणते, "आई, मला पण भीती वाटते. माझ्याच मनाची." आई स्नूझ दाबायचं विसरते. गजर वाजत राहतो आणि दोघी बोलत राहतात. दिग्दर्शकाने वाचून अजून हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही.

भूमिका सोडायची असेल तर सोड, असं मी मुलाला सांगितलं आहे. तो म्हणाला, आधी नवा ड्राफ्ट वाचून बघतो. मी आधी त्याच्या डॉक्टरांना विचारणार आहे.