पुढच्या वर्षी गच्चीवर कोणता टोमॅटो लावू? साराला आंबट हवाय

गच्चीवाली, पुणे

नमस्कार मंडळी. चौथ्या मजल्यावर आमची गच्ची आहे. पंधरा इंची बारा ग्रो बॅगा बसतात, सकाळी आठ ते दुपारी तीन ऊन असतं. या वर्षी फेब्रुवारीत नर्सरीतून एकाच संकरित वाणाची बारा रोपं आणून लावली. एप्रिल संपेपर्यंत नऊ झाडांना बोकड्या! शेंड्याची पानं वाटीसारखी वळली, कडा पिवळ्या पडल्या, झाड वीतभर उंचीवरच थांबलं. पान जरा हलवलं की खालून पांढऱ्या माश्या भुर्रकन उडायच्या. उरलेल्या तीन झाडांची फुलं उन्हानं गळत होती, तरी सगळं मिळून सव्वादोन किलो टोमॅटो निघाले. ते कापले तर गर जाड, मध्ये पांढरट गाठ, आणि रस जेमतेम.

आमच्याकडे दर शनिवारी टोमॅटोचं सार होतं. सासूबाई म्हणतात, त्यांच्या माहेरी परसात चपटे, कडेला चुण्या असलेले टोमॅटो यायचे, त्याच्या साराला चिंच लागायची नाही. मागच्या आठवड्यात नात्यातल्या एका लग्नाला बार्शीकडे गेलो होतो. तिथल्या परसात अगदी तसलंच झाड दिसलं! सहा पिकलेली फळं मागून आणली आहेत.

तर विचारायचं असं: हे गावरान बी पुण्यात बोकड्यापुढे टिकेल का? की रोगाला तोंड देणारं संकरितच लावू? बारा बॅगांची वाटणी तुम्ही कशी केली असती?

शिवारातला, जुन्नर तालुका

ताई, वाणाआधी महिना ठरवा. फेब्रुवारीची लागवड म्हणजे झाड फुलावर येतं तेव्हा ऐन ऊन. दिवसा पारा 35 च्या वर आणि रात्री 22-24 च्या खाली उतरत नसेल, तर परागकण निकामी होतात आणि फूल देठापाशी पिवळं पडून गळतं. त्यात पांढरी माशी उन्हाळ्यात सगळ्यात जास्त, आणि बोकड्याचा विषाणू तीच पसरवते. गच्चीवर सप्टेंबरच्या सुरुवातीला बी टाका, पंचवीस-तीस दिवसांनी रोप बॅगेत हलवा. डिसेंबर-जानेवारीत फळ मिळेल, थंडीत फूल टिकतं.

बाजारातला टोमॅटो कडक का, तेही सांगतो. आम्ही नारायणगावला माल नेतो तो वीस किलोच्या कॅरेटमधून. तिथून तो ट्रकनं लांबच्या राज्यांत जातो. तळातल्या फळावर वरच्या सगळ्या थराचं वजन असतं, त्यामुळे पातळ सालीचं वाण आम्हाला परवडत नाही. तुमचा टोमॅटो गच्चीतून स्वयंपाकघरात जायचाय. कडकपणा तुम्हाला कशाला हवा? घरच्यासाठी आमच्या विहिरीच्या कडेला पुसा रुबीची चार झाडं असतात. दिल्लीच्या पुसा संस्थेचं जुनं सरळ वाण आहे, म्हणजे संकरित नाही, घरचं बी धरता येतं. फळ चपटं, थोड्या चुण्या, चव आंबट. पण बोकड्याला ते बळी पडतं, म्हणून थंडीतच लावायचं.

लाल माती, चिपळूण

आमच्याकडे बोकड्यापेक्षा मर जास्त. सकाळी हिरवंगार असलेलं झाड दुपारी माना टाकतं, आणि पाणी घालूनही उठत नाही. अशा वेळी खोडाचा बोटभर तुकडा कापून काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात उभा धरा. दोन-पाच मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधासारखा धागा खाली उतरला, तर ती जिवाणूजन्य मर. मग त्या मातीत टोमॅटो, वांगं, मिरची, बटाटा काहीच परत लावायचं नाही.

मी गेली चार वर्षं अर्का रक्षक लावते. बंगळूरूच्या बागवानी संशोधन संस्थेचं संकरित वाण आहे. बोकड्याचा विषाणू, ही मर आणि लवकर येणारा करपा, तिन्हीला तोंड देतं. फळ शंभर ग्रॅमच्या आतबाहेर, लालभडक. कोशिंबिरीला, भाजीला उत्तम. साराला मात्र मलाही थोडं आमसूल घालावं लागतं. त्याचं बी धरू नका, पुढच्या पिढीत झाडं एकसारखी येत नाहीत.

गावरान फळाला आंबटपणा का असतो ठाऊक आहे? तो बियांभोवतीच्या बुळबुळीत रसात जास्त असतो. चपट्या, चुण्यांच्या फळात कप्पे जास्त, म्हणून रसही जास्त. तुमच्या सासूबाईंचं अगदी बरोबर आहे.

आणि रोपं जाळीखाली वाढवा. मच्छरदाणी चालत नाही, पांढरी माशी तिच्या भोकातून आरपार जाते. 40 किंवा 50 मेशची, म्हणजे इंचाला तेवढी भोकं असलेली जाळी मागा. पहिला महिना झाड वाचलं की पुढे बोकड्या आला तरी निदान काही फळं पदरात पडतात.

गच्चीवाली, पुणे

दादा, ताई, मनापासून आभार. दोघांचं वाचून दाखवलं, सासूबाईंनी "आमसूल घालतात ना, बघ!" असं दोनदा म्हटलं.

असं ठरवलंय: सहा बॅगांत बार्शीचं गावरान, चार बॅगांत अर्का रक्षक, एकीत पुसा रुबी. बारावीत चेरी टोमॅटो, तो फेब्रुवारीतच लावणार, मुलगी झाडाखाली उभं राहून खाते म्हणून. बाकी सगळं सप्टेंबरला. जाळी आजच सांगून आले.

बी काढलंही. सहापैकी सगळ्यात चांगल्या चार फळांचा गर वाटीत पिळून, थोडं पाणी घालून दोन दिवस ठेवला. वर पांढरी साय धरली, आंबूस वास आला, आणि बियांवरचा बुळबुळीतपणा सुटला. चाळणीत चोळून धुतलं तेव्हा चांगलं बी तळाला बसलं, पोकळ वर तरंगलं. कागदावर चिकटतं म्हणून स्टीलच्या ताटलीत, सावलीत पसरलंय. सासूबाई येता-जाता बोटानं हलवतात. वाळल्यावर केसाळ, फिकट पिवळं दिसतंय. कोरड्या बाटलीत ठेवलं तर तीन-चार वर्षं उगवतं म्हणे, त्यामुळे सगळं एकदम पेरणार नाही.

उरलेल्या दोन फळांचं सार कालच केलं. चिंच घातली नाही.

बी बरंच निघालंय. पुण्यात कुणाला हवं असेल तर इथेच लिहा, दहा-दहा बियांच्या पुड्या बांधून ठेवते.