बाबांच्या कानात सतत शिट्टी वाजते. श्रवणयंत्राने फरक पडतो का?

पंचगंगाकाठी:
बाबा ६४ वर्षांचे. इचलकरंजीत तीसेक वर्षं साध्या यंत्रमागावर काढली. ऐकू कमी येतंच, पण जास्त छळतो तो कानातला आवाज. "कुकरची शिट्टी व्हायच्या आधी वाफ सुटते ना, तसं," म्हणतात. दोन्ही कानांत, चोवीस तास. बहिरेपण आम्हाला उशिरा कळलं. मागाच्या खात्यात धोट्याच्या खडखडाटात ओठ बघूनच बोलायची सवय, घरीही तेच चालून जायचं. करोनात सगळ्यांनी तोंडं झाकली आणि बाबा कोपऱ्यात गप्प बसायला लागले.
डॉक्टर म्हणाले, नस गेलीय, इलाज नाही. एका दुकानात दोन यंत्रांचे दीड लाख सांगितले. रात्री दोन-दोनला उठून बसतात. काय करू?

कर्णपिशाच्च:
ताई, जनरेटरच्या खोलीत नोकरी केली, १४ वर्षं झाली माझी शिट्टी वाजतेय. 'इलाज नाही' हे अर्धंच खरं. कानाच्या आतल्या शंखातल्या केसांसारख्या पेशी मेल्या की परत येत नाहीत, कबूल. पण त्रास कमी होतो. आवाज असतो, आपण त्याच्या वाटेला जात नाही एवढंच.
ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, बघा. ४००० हर्ट्झच्या आसपास खड्डा असेल तर ती बहुतेक मागाची देणगी. यात स, श, फ आधी जातात. 'सात' म्हटलं की 'हात' ऐकू येतं. मग घरचे ओरडून बोलतात, त्याने काही होत नाही, उलट माणूस चिडतो. समोर बसून सावकाश बोला.
यंत्र लावल्यावर मला बाहेरचे बारीक आवाज यायला लागले आणि शिट्टी मागे पडली. रात्री यंत्र काढलं की सामसूम खोली खायला उठते, म्हणून पंखा. थंडीत त्याचं तोंड भिंतीकडे. गिंको नावाच्या झाडाच्या अर्काच्या गोळ्या दोन वर्षं खाल्ल्या, पैसे गेले.

सह्यवारा:
लसूण घालून कोमट तेल सोडून बघा. आजीला गुण आला होता.

कर्णपिशाच्च:
दादा, तेल पडद्याच्या अलीकडे आणि बिघाड पलीकडे. त्यात पडद्याला भोक असलं तर नसतं लफडं.

शंखनाद:
मी ऑडिओलॉजिस्ट, ऐकण्याची तपासणी आणि यंत्रं बसवणं हेच माझं काम. दीड लाखाला लगेच हो म्हणू नका. आधी ट्रायल मागा, यंत्र कानाच्या आलेखाप्रमाणे बसवून घ्या. महागडं पण नीट न बसवलेलं यंत्र कपाटातच जातं. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग ही श्रवणदोषांसाठीची संस्था केंद्र सरकारची आहे. उत्पन्न बसत असेल तर दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून यंत्र मिळू शकतं, त्याची शिबिरंही लागतात.
सुरुवातीला घरातच, तास-दोन तास. भांडी आपटली की टोचेल, पण रोज लावायचंच. थेट बाजारात नेऊ नका. यंत्राचा सेल छोटा असतो, स्टिकर काढून मिनिटभर हवेत ठेवा, मग बसवा. पावसाळ्यात यंत्र ठेवायला ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची डबी हवीच.
आवाज एकाच कानात असेल किंवा नाडीच्या ठोक्याबरोबर येत असेल तर यंत्राआधी पुढची तपासणी. आणि कुणालाही अचानक ऐकू येईनासं झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, सोमवारची वाट बघू नका.

पंचगंगाकाठी:
जुनी फाईल काढली. खड्डा ४००० वरच आहे, दोन्हीकडे. काल पंखा भिंतीकडे वळवला, चारपर्यंत झोपले. बाबांना धागा वाचून दाखवला. 'कर्णपिशाच्च' तीनदा सांगावं लागलं, मग मात्र खूप हसले. ते सेल इचलकरंजीत मिळतात, की कोल्हापूरहून आणायचे?