अमेरिकेत ‘मागास काउंटी’ नेमकी कशी ठरते?

प्रश्न: एवढ्या श्रीमंत देशात अ‍ॅपलेशियाचा डोंगरपट्टा, विशेषतः पूर्व केंटकी, गरीबच कसा? आणि मागासपणा मोजतात कशावरून?

प्रतिसाद १: अ‍ॅपलेशियन रीजनल कमिशन (या पट्ट्याच्या विकासासाठीची सरकारी संस्था, स्थापना १९६५) १३ राज्यांतल्या ४२३ काउंट्यांची (म्हणजे जिल्ह्यांसारख्या विभागांची) दरवर्षी प्रतवारी करतं. निकष तीन: बेरोजगारीची तीन वर्षांची सरासरी, सरकारी मदत वगळून दरडोई उत्पन्न आणि दारिद्र्याचं प्रमाण. देशातल्या तळाच्या १० टक्क्यांत गेलात की ‘डिस्ट्रेस्ड’, म्हणजे सर्वांत मागास. मग प्रकल्पाचा ८० टक्क्यांपर्यंत खर्च मिळू शकतो. मधल्या ‘ट्रान्झिशनल’ गटाला ५०च.

प्रतिसाद २: गोम बेरोजगारीच्या आकड्यात आहे. कोळशाची खाण बंद पडल्यावर ज्याने काम शोधणंच सोडलं, तो त्यात धरलाच जात नाही. आकडा सुधारलेला दिसतो, गाव मात्र रिकामं. शिवाय उरलेले २० टक्के उभे करतानाही काउंटीच्या नाकी नऊ येतात.

प्रतिसाद ३: मूळ दुखणं मालकीचं. ‘ब्रॉड फॉर्म डीड’ने, म्हणजे खनिजांचे हक्क विकण्याच्या खताने, जमीन शेतकऱ्याकडे राहिली, खालचा कोळसा कंपनीकडे गेला. पुढे कोर्टांनी वरची शेतं उकरायलाही मुभा दिली, मालकाला न विचारता! केंटकीत हे थांबायला १९८८ची घटनादुरुस्ती लागली. कोळशावरचा उत्खनन करही १९७२चा. तोवर कितीतरी कोळसा रेल्वेने बाहेर गेला होता.